संशोधकाच्या लेखनाचे मूल्यमापन कसे करावे? : डॉ. कमल रणदिवे यांच्या कर्करोग-संशोधनाच्या निमित्ताने

प्रास्ताविक

औषधनिर्मात्यांची माहितीपत्रके आपणा सर्वांच्या टेबलावर येतात. अलीकडे या पत्रकांत गुणधर्म व मात्रा यांच्या खाली एक ओळ हमखास छापलेली असते, ती म्हणजे 'शंभरहून अधिक आंतरराष्ट्रीय शोधनिबंधांनी सिद्ध'. ही ओळ वाचून आपल्यापैकी किती जणांनी त्या शंभरांतील एखादा तरी निबंध उघडून पाहिला आहे? आम्ही स्वतः कित्येक वर्षे पाहिला नव्हता, आणि त्याचे फळ आमच्या एका रुग्णेला भोगावे लागले. ही हकीकत सांगणे सुखाचे नाही, परंतु प्रस्तुत लेखाचे कारणच ती असल्यामुळे प्रारंभी थोडक्यात नमूद करतो.

व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांतील ही गोष्ट. जिंतूर तालुक्यातील एका खेड्यातून पन्नाशीच्या आतबाहेरच्या एक शेतकरी बाई आमच्याकडे आल्या. दात मिश्रीने घासण्याची सवय लग्नापासूनची, आणि दिवसभर सुपारीचे खांड तोंडात. गालाच्या आतील बाजूस पांढरा चट्टा होता, तिखट लागले की आग होत असे व तोंड पूर्वीइतके उघडत नव्हते. आम्ही मुखपाक समजून गंडूष, कवल व पोटातून हरिद्रेचा एक आधुनिक पद्धतीने बनविलेला कल्प दिला. त्या कल्पाच्या पत्रकावर कर्करोगविषयक संशोधनाचे मोठमोठे आकडे होते. 'इतके संशोधन झाले आहे, तर चट्टा जाईलच' या भरवशावर आम्ही तीन महिने घालविले. चट्ट्याच्या जागी व्रण झाला तेव्हा कोठे तुकडा काढून तपासणीस पाठविला. निदान कर्करोगाचे आले. तीन महिन्यांपूर्वी पाठविले असते तर शस्त्रकर्म लहान झाले असते, असे शल्यचिकित्सकांनी आम्हास स्पष्ट सांगितले. बाई वाचल्या, परंतु जबड्याचा काही भाग काढावा लागला.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला. संशोधनाचा दाखला कोणी दिला की संशोधक कोण, त्याने काय लिहिले, त्या लिखाणाचे पुढे काय झाले, हे पाहिल्याशिवाय पुढे जावयाचे नाही. हे कसे पाहावे याचा वस्तुपाठ म्हणून आम्ही एका मराठी कर्करोग-संशोधिकेचे लेखन निवडले आहे. त्यांच्या संशोधनाचा एक भाग थेट मिश्री-सुपारीच्या आपल्या मराठवाड्याशी येऊन भिडतो.

व्यक्तिपरिचय

डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यास समर्थ कुटुंबात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. हुजूरपागा व फर्ग्युसन येथील शिक्षणानंतर पुण्याच्या कृषि महाविद्यालयातून १९४३ साली त्यांनी एम. एस्सी. केले. विषय होता सीताफळाच्या कुलातील वनस्पतींचे पेशी-आनुवंशशास्त्र. कृषि विद्यापीठाच्या गावात राहणाऱ्या आम्हा परभणीकरांना हा योग विशेष वाटावा. वनस्पतींच्या पेशींपासून सुरू झालेला हा प्रवास पुढे मानवी रोगापर्यंत पोहोचला.

विवाहानंतर त्या मुंबईस गेल्या. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात भारतातील विकृतिविज्ञानाचे अध्वर्यू डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काम केले व १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळविली. त्यानंतर अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र त्या शिकल्या. 'हेला' या नावाने जगप्रसिद्ध असलेली पेशीमालिका १९५१ साली ज्या प्रयोगशाळेत वाढविली गेली, तीच ही प्रयोगशाळा. परत आल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या कार्यकारी संचालिका होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्यांचे निधन झाले.

कर्करोग व कुष्ठ या दोन विषयांवर त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत. माहितीपत्रकाच्या भाषेत बोलावयाचे तर 'दोनशे निबंधांनी सिद्ध' असे येथेच म्हणून लेख संपविता आला असता. परंतु दोनशे हा केवळ आकडा आहे. त्या निबंधांनी नेमके काय सिद्ध केले, हे विभागशः पाहू.

लेखनाचे तीन प्रवाह

(अ) स्तनाचा कर्करोग : आनुवंश, अंतःस्राव व विषाणू

१९३६ साली अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले होते. ज्या उंदरांच्या वंशात स्तनाचा कर्करोग फार होतो, त्या वंशाची पिले जन्मतःच दुसऱ्या वंशाच्या मादीच्या दुधावर वाढविली, तर त्यांच्यातील कर्करोगाचे प्रमाण घटते. म्हणजे रोगाचे कारण केवळ बीजात नसून दुधातून जाणारा एखादा घटकही त्यात आहे. हा घटक विषाणू असल्याचे पुढे ठरले. डॉ. रणदिवे यांनी उंदरांचे विशिष्ट वंश जोपासून याच दिशेने काम केले. आनुवंशिक प्रवणता, शरीरातील अंतःस्राव व अर्बुदकारक विषाणू हे तिन्ही एकमेकांशी कसे बांधलेले आहेत, हे दाखविणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते.

येथे वाचकाने दोन चुका टाळावयाच्या आहेत. पहिली चूक म्हणजे उंदरातील निष्कर्ष जसाच्या तसा माणसास लावणे. माणसात आईच्या दुधातून स्तनाचा कर्करोग संक्रमित होतो असे सिद्ध झालेले नाही. उलट जगभरातील अभ्यास एकत्र करून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात स्त्रीने अंगावर पाजलेल्या दर बारा महिन्यांमागे तिचा स्वतःचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो असे आढळले. तेव्हा अर्धवट वाचून कोणी स्तनपानाविषयी शंका काढल्यास ती वैद्याने तत्काळ दूर करावी. दुसरी चूक आपल्या बाजूची. 'बीजभागावयव-दुष्टी आपल्या आचार्यांनी सांगितलीच होती, म्हणजे हे सारे आपल्याकडे होतेच' असे म्हणून आपण समाधान मानतो. विचाराचे साम्य जरूर आहे. परंतु साम्य दिसले म्हणजे प्रयोग झाला असे होत नाही.

(आ) तंबाखू व सुपारी

आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा विभाग हा होय. येथे एकटा निबंध वाचून चालत नाही, सबंध परंपरा वाचावी लागते. १९४४ साली डॉ. खानोलकर यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा आढावा 'कॅन्सर रिसर्च' या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध केला. तो रुग्णनिरीक्षणाचा टप्पा होता. प्रश्न असा उरला की, विडा चघळणाऱ्यास कर्करोग होतो तो तंबाखूमुळे, चुन्यामुळे, सुपारीमुळे की पानामुळे? चघळणाऱ्याच्या तोंडात हे सारे एकत्र असते, म्हणून नुसत्या निरीक्षणाने उत्तर मिळणे कठीण.

गुरूंनी पाहिलेला प्रश्न शिष्येने प्रयोगशाळेत नेला. १९७६ साली डॉ. रणदिवे व सहकाऱ्यांचा सुपारी व तंबाखूच्या कर्कजनकतेवरील प्रायोगिक अभ्यास 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर' मध्ये आला. त्यानंतर १९७९ साली त्याच नियतकालिकात विडा चघळणे व मुखकर्करोग यांविषयी हॅमस्टर या प्राण्यावरील प्रयोग आले. हॅमस्टरच्या गालात नैसर्गिक पिशवी असते, म्हणून मुखातील परिणाम पाहण्यास हा प्राणी सोयीचा ठरतो. या कामाचा गाभा असा की, संशयाचे बोट केवळ तंबाखूकडे न ठेवता सुपारीची स्वतंत्र परीक्षा झाली.

आता या निबंधांचे पुढे काय झाले ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या लिऑन येथील कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या खंडात तंबाखूयुक्त विडा मानवास कर्करोगकारक ठरविला. तंबाखूविरहित विड्याविषयी मात्र मानवी पुरावा अपुरा व प्राण्यांतील पुरावा मर्यादित असल्याचे तिने नोंदविले. हा संयम ध्यानात घेण्याजोगा आहे. २००४ सालच्या खंडात, दरम्यानच्या वीस वर्षांतील अनेक देशांचे अभ्यास जमेस धरून, तंबाखूविरहित विडा आणि खुद्द सुपारी ही दोन्ही पहिल्या गटात, म्हणजे मानवास निश्चित कर्करोगकारक द्रव्यांत घातली गेली. रणदिवे व सहकाऱ्यांचे प्रायोगिक निबंध या परीक्षणाच्या सामग्रीत आहेत. नागवेलीच्या पानाविषयी याच परीक्षणाने, प्राण्यांत ते कर्करोगकारक नसल्याचे सुचविणारा पुरावा असल्याचे म्हटले आहे. एकाच विड्यातील द्रव्यांचा असा स्वतंत्र निवाडा झाल्यामुळेच आज आपण रुग्णास नेमके सांगू शकतो.

२०१२ साली महाराष्ट्र शासनाने गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली. ती बंदी गावोगाव कितपत पाळली जाते, हे पानटपरीवर उभे राहिलेल्या कोणासही ठाऊक आहे. तरीही १९४४ चे निरीक्षण, १९७६ व १९७९ चे प्रयोग, १९८५ व २००४ चे परीक्षण आणि अशा ज्ञानाच्या आधारावर उभा राहणारा कायदा, ही साखळी पाहिली म्हणजे एका निबंधाचा खरा प्रभाव कशास म्हणावे ते उमगते. तो पंधरा दिवसांत दिसत नाही, कधी कधी त्याला दोन पिढ्या लागतात.

(इ) कुष्ठ

कर्करोग केंद्रातच डॉ. बापट, डॉ. रणदिवे व डॉ. खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतींतून एक जंतू प्रयोगशाळेत वाढविला व त्याचे वर्णन १९५८ साली प्रसिद्ध केले. केंद्राच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो 'आय.सी.आर.सी. बॅसिलस' म्हणून ओळखला जातो. त्यापासून पुढे डॉ. माधव देव यांनी लस विकसित केली. दक्षिण भारतात झालेल्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यांत या लसीचे संरक्षण ६५.५ टक्के, तर केवळ बी.सी.जी.चे ३४.१ टक्के आढळले. जंतू वाढविल्यापासून हा आकडा हाती येईपर्यंत चाळीस वर्षे गेली. मूळ निबंध प्रसिद्ध झाल्यावर पाच वर्षांत कोणी त्याची गणती केली असती, तर ती नगण्यच भरली असती.

गणतीची साधने व त्यांच्या मर्यादा

आज संशोधकाचे वजन तीन आकड्यांनी सांगण्याची रीत पडली आहे. आपल्या वाचकांस ते समजणे आवश्यक आहे.

१) निबंधसंख्या : किती निबंध प्रसिद्ध झाले एवढेच यावरून कळते. एकाच कामाचे चार तुकडे करून चार निबंध करता येतात. उलट दहा वर्षांच्या श्रमाचा एकच निबंध असू शकतो.

२) उद्धरणसंख्या : इतर लेखकांनी त्या निबंधाचा दाखला किती वेळा दिला, याची मोजदाद. अमेरिकेतील युजीन गारफील्ड यांनी १९६४ सालापासून प्रसिद्ध केलेल्या सूचीमुळे ही पद्धत रूढ झाली. नियतकालिकाचा 'इंपॅक्ट फॅक्टर' याच हिशेबातून निघतो. परंतु तो नियतकालिकाचा सरासरी आकडा आहे, त्यातील प्रत्येक निबंधाचा नव्हे. शिवाय खंडनासाठी दिलेला दाखलाही गणतीत दाखलाच ठरतो.

३) एच-निर्देशांक : २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी सुचविलेला. एखाद्या संशोधकाचे वीस निबंध प्रत्येकी किमान वीस वेळा उद्धृत झाले असतील व एकविसाव्याला तेवढी गती नसेल, तर त्याचा निर्देशांक वीस. संख्या व उद्धरण यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न आहे. तथापि वेगवेगळ्या विषयांतील व वेगवेगळ्या काळांतील व्यक्तींची तुलना त्याने करू नये.

डॉ. रणदिवे यांना ही साधने लावली तर ती तोकडी पडतात. त्यांचे उमेदीचे लेखन उद्धरणसूचीच्या आधीचे आहे. संगणकावर केवळ नाव टाकून शोधल्यास आद्याक्षरांच्या घोटाळ्यात काही निबंध हातचे जातात व दुसऱ्याच रणदिव्यांचे पदरी पडतात. १९७९ च्या निबंधातच रणदिवे आडनावाचे दोन लेखक आहेत. त्यांनी घडविलेले विद्यार्थी, जोपासलेले उंदरांचे वंश, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी बालकांच्या पोषणाविषयी केलेले काम, तसेच १९७३ साली सहकारी भगिनींसह स्थापन केलेली भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना, यांपैकी कशाचीही नोंद कोणत्याही निर्देशांकात होत नाही. त्यांच्याच संस्थेतील पुढील संशोधकांनी मिश्रीची कर्कजनकता तपासली, ती या परंपरेचीच पुढची पायरी होय.

तुलनेसाठी दोन उदाहरणे

पहिले उदाहरण आपल्या शेजारचे. बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथील डॉ. भगवान नेने, डॉ. कस्तुरी जयंत व सहकारी यांनी टाटा स्मारक केंद्र व लिऑन येथील संस्थेसह उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी एक अभ्यास केला. खेड्यांचे ५२ गट व ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. एकाच वेळी केलेल्या एच.पी.व्ही. तपासणीच्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर नेहमीची व्यवस्था असलेल्या गटात ६४. हा निबंध २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्ये आला. ज्या गटास तपासणी दिली नाही त्याविषयी पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले, व ते आक्षेप वाचणे हाही अभ्यासाचा भाग आहे. या अभ्यासात केवळ डोळ्यांनी केलेल्या (ॲसिटिक ॲसिड लावून) तपासणीचा लक्षणीय लाभ दिसला नव्हता. मात्र डॉ. सुरेंद्र शास्त्री व सहकाऱ्यांच्या मुंबईतील सुमारे दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासात, ती तपासणी ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. आपल्याच मराठवाड्यातील स्त्रियांच्या सहभागातून आलेला निबंध साऱ्या जगाने वाचला, परंतु तोही शेवटचा शब्द ठरला नाही.

दुसरे उदाहरण उलट बाजूचे व आपल्या व्यवसायास अधिक झोंबणारे. हरिद्रेतील करक्यूमिन या घटकावर अमेरिकेत ह्यूस्टन येथील डॉ. भरत अग्रवाल यांचे शेकडो निबंध आहेत, व जगातील सर्वाधिक उद्धृत संशोधकांत त्यांची गणना होत असे. पुढे चित्रांतील विसंगतींविषयी प्रश्न उपस्थित झाले. २०१६ साली एकाच नियतकालिकाने त्यांचे सात निबंध मागे घेतले, व आजवर मागे घेतलेल्या निबंधांची संख्या वीसहून अधिक झाली आहे. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित अमेरिकन नियतकालिकातील आढाव्यात असे म्हटले आहे की, करक्यूमिन शरीरात टिकत नाही, आतड्यांतून फारसे शोषले जात नाही, प्रयोगशाळेतील चाचण्यांना ते फसवे उत्तर देऊ शकते, आणि १२० हून अधिक मानवी चाचण्या होऊनही काटेकोर तुलनात्मक पद्धतीची एकही यशस्वी ठरलेली नाही.

याचा अर्थ हळद निरुपयोगी असा नव्हे. हरिद्रेचे लेप, व्रणरोपण व प्रमेहातील प्रयोग हा आपला स्वतंत्र अनुभव आहे, व त्याची परीक्षा त्याच्या जागी व्हावी. परंतु आमच्या जिंतूरच्या रुग्णेस दिलेल्या कल्पाच्या पत्रकावरील आकडे याच प्रकारच्या निबंधांचे होते. काचेच्या ताटलीतील पेशी मरणे व रुग्णाच्या गालातील चट्टा जाणे यांमधील अंतर आम्ही तेव्हा पाहिले नाही.

आपल्या शास्त्राच्या दृष्टीने

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ति अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. आमच्या मते शोधनिबंधास सरसकट आप्तोपदेशाचे स्थान देणे, ही आपल्या पिढीची चूक होय. छापून आले म्हणून लेखक आप्त ठरत नाही. निबंध म्हणजे दुसऱ्याच्या प्रत्यक्षाचे निवेदन व त्यावरून त्याने केलेले अनुमान. त्यातील प्रत्यक्ष कोणते व अनुमान कोणते, हे वेगळे करणे वाचकाचे काम आहे. अनेक कारणांचा मेळ घालून निर्णय करणारी युक्ति तर अनेक निबंध एकत्र वाचल्यावरच चालविता येते. सुपारीविषयीचा निर्णय साठ वर्षांनी झाला, तो युक्तीनेच.

आता सुपारीचाच प्रश्न आपल्या दारी आणून पाहू. चरकसंहितेत मुखात धारण करावयाच्या सुगंधी द्रव्यांत पूगाचा उल्लेख आहे. भावप्रकाशात ओली सुपारी गुरु, अभिष्यंदी व अग्नि-दृष्टिनाशक म्हटली असून उकडलेल्या सुपारीचे गुण निराळे सांगितले आहेत. म्हणजे आपल्या ग्रंथांनीही पूगास निरपवाद मोकळीक दिलेली नाही. तंबाखू तर अमेरिका खंडातून आलेली, तिला संहितेचा आधार मुळीच नाही. भोजनोत्तर मर्यादित तांबूल व दिवसभर गालात धरलेले खांड यांस एकच मानणे योग्य होणार नाही. परंतु 'ग्रंथात आहे, म्हणून निर्धोक' असे रुग्णास सांगणेही आता योग्य नाही.

औषधालयचालकांस येथे सुपारीपाकाचा विचार करावा लागेल. प्रदरादि विकारांत दूध-तुपात सिद्ध केलेला हा कल्प ठराविक मात्रेत व ठराविक काळ दिला जातो. चघळलेल्या सुपारीवरील निष्कर्ष त्यास जसेच्या तसे लागू होतात असे आम्ही म्हणणार नाही. तथापि ज्या रुग्णाच्या तोंडात पांढरा वा लाल चट्टा आहे, तोंड कमी उघडते, अथवा जो तंबाखू-सुपारीचा सवयीचा आहे, त्यास तो देऊ नये व पर्यायी कल्प योजावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तसेच तो वैद्याच्या सल्ल्याशिवाय दुकानातून परस्पर देऊ नये.

व्यवहारातील नियम

संशोधनाचा दाखला समोर आल्यास पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत.

१) निबंधाचे पूर्ण नाव, नियतकालिक व वर्ष दिले आहे काय? नसल्यास दाखला नाही असेच समजावे.

२) प्रयोग पेशींवर, प्राण्यांवर की माणसांवर? माणसांवर असल्यास तुलनेसाठी दुसरा गट होता काय?

३) द्रव्य कोणत्या स्वरूपात व कोणत्या मार्गाने दिले? त्वचेखाली टोचलेला अर्क व पोटातून दिलेले चूर्ण एक नव्हे.

४) दुसऱ्या कोणी, दुसऱ्या ठिकाणी, तोच निष्कर्ष मिळविला काय?

५) निबंध पुढे मागे घेतला गेला काय? नियतकालिकाच्या पानावर व वैद्यकीय निबंधांच्या मोफत सूचीत ही सूचना स्पष्ट छापलेली असते. ग्रामीण भागातही मोबाईलवर ती पाहता येते.

६) लेखकाचा त्या उत्पादनाशी आर्थिक संबंध आहे काय?

औषधनिर्मात्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीच्या १९५४ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत कर्करोगाचा समावेश आहे. कर्करोग बरा करण्याचा दावा जाहिरातीत करणे हा गुन्हा आहे, मग खाली कितीही निबंधांची संख्या छापलेली असो.

आणि सर्वांत शेवटचा नियम, जो निबंधांच्याही आधीचा आहे. तोंडातील कोणताही चट्टा वा व्रण तीन आठवड्यांत बरा न झाल्यास रुग्ण तपासणीस पाठवावा. छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, बार्शीही फार दूर नाही. सोबत चिठ्ठी द्यावी, नातेवाइकांस समजावून सांगावे व रुग्ण गेला की नाही याची विचारपूस करावी. परत आल्यावर अग्निबल, बलसंरक्षण, निद्रा व व्रणोपचार यांत वैद्यास पुष्कळ करण्यासारखे असते.

समारोप

डॉ. रणदिवे यांच्या लेखनापासून आम्ही तीन गोष्टी शिकलो. प्रश्न आपल्या समाजातील सवयींतून उचलावा, गुरूंनी जेथे सोडला तेथून पुढे न्यावा, व निष्कर्षास पुराव्यापेक्षा मोठा करू नये. त्यांचे सारे उत्तर त्यांच्या हयातीत आले नाही. सुपारीचा निवाडा प्रसिद्ध झाला तो त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी.

आमच्या त्या रुग्णा आजही वर्षातून एकदोनदा दवाखान्यात येतात. बोलणे थोडे अस्पष्ट झाले आहे. त्यांनी मिश्री व सुपारी सोडली, आणि गल्लीतील सुनांनाही त्या हात लावू देत नाहीत. आमच्याकडून झालेल्या विलंबाबद्दल आम्ही त्यांच्याजवळ क्षमा मागितली आहे.

सभासद वैद्यांस व औषधालयचालकांस विनंती की, मासिक अभ्यासवर्गास येताना आपल्याकडे आलेले, संशोधनाचा दाखला देणारे एक तरी माहितीपत्रक सोबत आणावे. वरील सहा प्रश्न लावून आपण ते मिळून वाचू. जे टिकेल ते निःशंकपणे वापरू, जे टिकणार नाही ते मांडणीतून काढून टाकू.